लावणीची गाडी दादरहून सोडा

प्रति,
महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे
आणि अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, कोकण रेल्वे महामंडळ

महोदय,

गणपतीत तुम्ही कोकणासाठी शेकडो जादा फेऱ्या सोडता, त्याबद्दल आम्ही लालबाग-परळची माणसे मनापासून ऋणी आहोत. पण याच चाळींमधून काही माणसे गणपतीच्या दोन महिने आधीही गावाला निघतात. त्यांच्या पिशवीत मखराचे सामान नसते. जुने कपडे, प्लॅस्टिकचा कागद, खोबरेल तेलाची बाटली आणि कंबरेला चोळायचे मलम असते. ती भाताच्या लावणीला निघालेली असतात. मीही त्यांच्यातलीच एक.

लालबागच्या बाईचा शेतीशी काय संबंध, असे वाटेल. पण आमचे गिरणगाव उभे राहिले तेच एक पाय शेतात असलेल्या माणसांच्या जिवावर. रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी गिरणीत राबायचा, त्याची बायको गावी जमीन कसायची. पाऊस जवळ आला की गिरण्यांतली हजेरी घटायची आणि बदली कामगारांना काम मिळायचे. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होत, म्हणून त्या बंद व्हायच्या आत घर गाठायचे. माझे सासरे गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा कित्येक घरे गावच्या भातावर तगली. आमचेही त्यातलेच. गिरण्यांच्या जागी आता टॉवर आहेत. गावचा सातबारा मात्र अजून आमच्या नावावर आहे.

जमीन काही गुंठ्यांचीच, तीही उतारावरची. गावी दीर आणि जाऊबाई दोघेच असतात, दोघांचीही साठी उलटली आहे. मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तरी त्यांची मजुरी भाताच्या किमतीत बसत नाही. रोहिणीत किंवा मृगात पेरलेला भाताच्या रोपांचा तरवा तीनेक आठवड्यांत लावणीजोगा होतो. मग पहाटे चहा पिऊन तरव्यात बसायचे, रोपे मुळासकट उपटायची, पायावर आपटून माती झाडायची, मुठी बांधायच्या. तोवर दीर पॉवर टिलरने चिखल करून ठेवतात; पूर्वी हे काम बैल करायचे. मग आम्ही बायका ओळीने वाकून, मागे मागे सरकत, रोपे रोवत जातो. वरून पाऊस, खाली पोटरीभर चिखल. न्याहारी बांधावरच, तांदळाची भाकरी आणि सुकट. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. पायांच्या बोटांत चिखल्या होतात, त्यांना रात्री चुलीशी बसून तेल-हळद लावायची. घरची लावणी आटोपली म्हणून लगेच निघता येत नाही. ज्यांनी आमच्या शेतात हात लावला, त्यांच्या शेतात जायचेच असते.

एवढे कशाला करता, दुकानात तांदूळ मिळत नाही का, असे मुंबईत पुष्कळ जण विचारतात. उतारावरची खाचरे एकमेकांच्या पाण्यावर अवलंबून असतात. वरच्या खाचरातले पाणी बांधाच्या तोंडातून खालच्यात उतरते. वरचे पडीक राहिले की बांधाची डागडुजी कोणी करत नाही, खेकडे तो पोखरतात, एखाद्या मोठ्या पावसात तो फुटतो आणि शेजाऱ्याचे भात वाहून जाते. पडीकात रान माजते आणि त्यात रानडुकरे येतात. एका घराने शेती सोडली की बाकीच्या वाडीलाही ती करणे अवघड होते. आमच्या चार माणसांच्या जाण्याने वरची खाचरे लावली जातात, म्हणून खालची टिकतात.

आता मूळ मुद्दा. गणपतीची तारीख पंचांगात छापलेली असते, त्यामुळे आरक्षण उघडते त्या सकाळी रांगेत उभे राहता येते. लावणीची तारीख पाऊस ठरवतो. मृग कोरडा गेला तर तरवा मागे पडतो. आर्द्रात चार दिवस नीट कोसळला की गावाहून फोन येतो, "परवापर्यंत या, तरवा वाढत चाललाय." रोप फार दिवस तरव्यातच राहिले तर त्याला फुटवे कमी येतात आणि भात कमी उतरते. साठ दिवस आधी उघडणारे आरक्षण या माणसांच्या काय कामाचे? त्यांना आयत्या वेळी तिकीट काढून चढता येईल आणि लहान स्थानकावर उतरवील, अशी गाडी लागते.

अशी गाडी होती. रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सुटायची. करोनाच्या टाळेबंदीनंतर ती दिव्याहून सुटू लागली. आता करी रोड, चिंचपोकळीच्या माणसाने सामान घेऊन आधी लोकलने दिवा गाठायचे, पूल चढून उतरायचा आणि तिथल्या गर्दीत जागा शोधायची. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी-झोडणी करून परतताना जवळ तांदूळ असतो. साठीची बाई तांदळाचे गाठोडे घेऊन दिव्याला लोकलमध्ये कशी चढणार? तुतारी एक्स्प्रेस दादरहून सुटते हे खरे, पण मध्यरात्री; आणि अंजनी, कामथे, उक्षी, भोके इथे उतरणाऱ्यांना ती उपयोगाची नाही.

दादरच्या फलाटांवर किती ताण आहे, हे आम्ही रोज बघतो. पावसाळी वेळापत्रकात तुम्ही गाड्यांचा वेग कमी करता, तेही योग्यच आहे. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड रुळांवर आली, ते आम्ही विसरलेलो नाही. उशीर झाला तरी चालेल. पण या रेल्वेसाठी राजापूरचे खासदार मधु दंडवते यांनी वर्षानुवर्षे जीव ओतला, १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, १९९८ मध्ये सारा मार्ग खुला झाला, आणि त्यासाठी जमिनी दिल्या त्या अशाच गुंठ्या-गुंठ्यांच्या मालकांनी. ती माणसे वर्षातून एकदाच, देवासाठी गावी जातात असे धरून गाड्या आखू नका.

रत्नागिरी पॅसेंजर कायमची दादरला आणा, ही आमची मागणी आहे. ते लगेच जमत नसेल तर मृगापासून श्रावण लागेपर्यंत, आणि पुन्हा दसऱ्यापासून दिवाळी संपेपर्यंत, तरी ती दादरहून सोडा. तिला अनारक्षित डबे भरपूर ठेवा आणि सगळ्या लहान स्थानकांवर थांबवा. निर्णय मे महिन्याच्या मध्यापर्यंत जाहीर करा, म्हणजे रोहिणीची पेरणी करतानाच गावाला कळवता येईल की आम्ही कोणत्या गाडीने येणार.

आपली,
लालबागची एक रहिवासी