यंत्राचा पट्टा झांकणें हें मालकाचें कर्तव्य

हल्लीं गोठ्यागोठ्यांतून कडबाकुट्टीचें यंत्र विजेच्या मोटारीवर चालूं लागलें आहे. श्रम वांचले व वैरणीची नासाडी कमी झाली, ही गोष्ट इष्टच होय. परंतु मोटारीच्या पुलीवरून यंत्राच्या चाकावर फिरणारा पट्टा पुष्कळ ठिकाणीं उघडाच असतो, आणि त्याच्या शेजारीं घरचीं बायकामाणसें पदर सांवरीत पेंढ्या लावीत असतात. शेजाऱ्यानें बांध वीतभर सरकविला तर मोजणीचा अर्ज करणारा आपला शेतकरी ह्या हातभर जागेविषयीं इतका उदासीन कां असावा?

“आमचा गडी सावध आहे,” हें नेहमींचें उत्तर. मिनिटास १४४० फेरे घेणाऱ्या मोटारीवर ३ इंची पुली असेल, तर पट्टा सेकंदास १८ फुटांहून अधिक धांवतो. त्यांत पदराचें टोंक अडकल्यावर सावधपणास अवसरच उरत नाहीं. दुसरें उत्तर खर्चाचें. तेंही टिकणारें नाहीं. जुन्या खोक्यांच्या फळ्या, बाभळीचे चार खुंट, थोडी तारेची जाळी, दोन बिजागऱ्या व एक कडी, एवढ्या सामानांत गांवचा सुतार चांगली पेटी करून देतो.

मात्र पेटी विचारपूर्वक करावी. पट्टा व दोन्ही बाजूंचीं चाकें झांकावीं. मोटार मात्र आंत कोंडूं नये, कारण तिच्या पंख्यास वारा न मिळाल्यास ती तापून जळते. जाळी अर्ध्या इंचाच्या घराची घ्यावी व ती पट्ट्यापासून निदान ५ इंच दूर बसवावी, म्हणजे लहान मुलाचें बोटही पट्ट्यास लागणार नाहीं. पेटी यंत्राच्या सांगाड्यास बोल्टानें घट्ट आवळावी. वंगण घालण्यास व सांठलेला भुसा काढण्यास दार ठेवावें. तें नसल्यास कंटाळून लोक सबंध पेटीच काढून टाकतात. वीज बंद केल्यावरही पात्यांचें जड चाक कांहीं वेळ फिरत राहतें; तें पुरतें थांबल्याखेरीज दार उघडूं नये. शिवाय पट्ट्याच्या पेटीनें पात्यांचें भय जात नाहीं. पेंढी लावण्याच्या तोंडाशीं, हात पात्यांपर्यंत पोंचणार नाहीं इतकी लांब व वरून झांकलेली पन्हळ निराळी हवी.

मळणी यंत्रासारख्या धोक्याच्या यंत्रांच्या नियमनाचा कायदा १९८३ सालीं झाला. त्यांत इजा झालेल्या माणसास भरपाई देण्याची तजवीज आहे. पण भरपाईच्या रकमेनें गेलेला हात परत येत नाहीं.

यंत्रावर राबतात गडी व घरच्या स्त्रिया. पेटी करवून घेण्याचा अधिकार त्यांच्या हातीं नसतो. ज्याच्या पैशानें यंत्र आलें, त्यानेंच येत्या सुगीपूर्वीं सुतारास बोलवावें, आणि पेटी बसेपर्यंत मोटारीचें बटण दाबूं देऊं नये.