झाडांशी ओळख : दोन कुडे आणि बाईंची चूक

बालमित्रांनो,

घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर तुम्हाला किती झाडं भेटतात? आंबा, चिंच, वड, जांभूळ ही तुम्ही डोळे मिटूनही सांगाल. पण नावच माहीत नाही, अशी किती? उद्या जाता जाता मोजा बरं!

अशाच एका झाडानं माझी फजिती केली, ती आज सांगते.

एप्रिल महिना होता. शाळा सकाळची. चौथीच्या मुलांना घेऊन मी नात्याहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यानं फिरायला निघाले. कडेला एक लहानसं झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं दिसलं. जाईसारखा गोड वास. "बाई, हे कसलं झाड?" मुलांनी विचारलं. मी ऐटीत सांगून टाकलं, "हा कुडा. याची साल पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून देतात."

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाची आजी शाळेच्या दारात उभी! तिच्या हातात सालीचा तुकडा आणि फुलांची डहाळी. मुलाच्या धाकट्या बहिणीला जुलाब होत होते, म्हणून पठ्ठ्यानं माझं ऐकून साल तासून घरी नेली होती. आजी म्हणाली, "बाई, ह्यो काला कुडा हाय. औषिदाचा तो पांढरा. पोरांना सांगताना जरा बघून सांगा."

बहिणीला घरच्यांनी डॉक्टरांकडे नेलं होतं आणि ती बरी झाली. पण माझ्या मनाला ते फार लागलं. मुलं बाईंवर विश्वास ठेवतात आणि बाईंनी न बघता नाव सांगितलं! त्याच दिवशी मी वर्गात चूक कबूल केली. मग आजींनाच आमच्या गुरू केलं आणि पुन्हा त्या वाटेनं निघालो.

दोन्ही कुडे पाहिले. दोघांचीही पानं समोरासमोर, जोडीनं येतात. देठ मोडला की पांढरा चीक निघतो. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची. शेंगा लांब, बारीक आणि जोडीनं लोंबणाऱ्या. मग ओळखायचं कसं?

पहिली खूण फुलाची. काळ्या कुड्याच्या फुलाच्या मधोमध पांढऱ्या तंतूंची झालर असते. पांढऱ्या कुड्याच्या फुलात झालर नसते. दुसरी खूण शेंगांची. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळ्या असताना टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. पांढऱ्याच्या शेंगांची टोकं सुटी असतात. तिसरी खूण पानांची. पांढऱ्याची पानं मोठी, काळ्याची त्या मानानं लहान. पण नुसत्या पानांवर भरवसा ठेवू नका, कारण एकाच झाडावर लहानमोठी पानं असतात.

म्हणून काळा कुडा बिनकामाचा समजू नका हं! त्याच्या पानांपासून पूर्वी निळा रंग काढत. त्याचं शास्त्रीय नाव रायटिया टिंक्टोरिया. त्यातल्या 'टिंक्टोरिया'चा अर्थच रंगकामाला उपयोगी. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची गुळगुळीत, रंगीत लाकडी खेळणी याच लाकडाची बनवत आले आहेत. पांढऱ्या कुड्याचं शास्त्रीय नाव होलारेना प्युबेसन्स. गावोगावी नावं बदलतात, कधी दोन झाडांना एकच नाव असतं. शास्त्रीय नाव असलं की अशी गल्लत टळते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. कुडा, करवंद, तगर, चाफा, कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही सगळी एकाच कुळातली. करवंदं तोडताना बोटांना चीक लागतो ना? तोच कुळाचा वारसा. पण करवंद आपण आवडीनं खातो, आणि कण्हेर व बिट्टी मात्र जिवावर बेतणारी विषारी! म्हणजे कूळ एक असलं तरी गुण एक नसतात. म्हणून अनोळखी पान, फळ, बी कधीही चाखायचं नाही. चीक डोळ्यांना लागू द्यायचा नाही. आणि औषध? ते डॉक्टरांनी द्यायचं. आपण झाडाची साल काढायची नाही.

आणखी एक गंमत सांगते. कालिदासाच्या 'मेघदूता'त यक्ष मेघाचं स्वागत ज्या ताज्या फुलांनी करतो, ती कुटजाची, म्हणजे कुड्याचीच फुलं. या 'मेघदूता'चा मराठी अनुवाद करणारे चिंतामणराव देशमुख आमच्या नात्याचे! 14 जानेवारी 1896 रोजी त्यांचा इथं जन्म झाला. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण केंब्रिजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्राचाही अभ्यास केला आणि 1917 मध्ये त्या विषयाचं बक्षीस मिळवलं, हे किती जणांना ठाऊक आहे? पैशांचा हिशेब चोख ठेवणारा हा माणूस झाडापानांतही रमत असे.

तर मुलांनो, या आठवड्याचा अभ्यास असा. वाटेवरचं एक अनोळखी झाड किंवा वासाचं झुडूप निवडा. खाली पडलेलं पान आणि फूल घेऊन वहीत चित्र काढा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? फुलाला पाकळ्या किती? वास सकाळी येतो की संध्याकाळी? शेंग की फळ? हे सगळं लिहा. मग आजी-आजोबांना, गुराख्यांना, रानभाजी विकणाऱ्या मावशींना नाव विचारा. निदान दोघांना तरी विचारा, आणि शेवटी पुस्तकातल्या वर्णनाशी ताडून पाहा.

तोवर नावाच्या जागी प्रश्नचिन्ह राहिलं तरी चालेल. चुकीच्या नावापेक्षा ते बरं. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते आहे!

पालकांनाही एक विनंती. मुलांनी नाव विचारलं आणि आपल्याला येत नसलं, तर "मला माहीत नाही, चल, विचारू या," असं मोकळेपणानं म्हणा. त्या आजींना ठाऊक असलेलं त्यांच्या नातवापर्यंत पोचायचं, तर कुणीतरी विचारायला हवं ना?

तुमच्या,
बाई