थळच्या वाटेवरून खांदेरी



गेल्या रविवारी सुकापूरहून निघालो, पनवेलला अलिबागची एस.टी. धरली आणि पुढे थळ गाठले. बरोबर धरमतर खाडीकाठच्या खारपट्टीतला एक जुना ओळखीचा शेतकरी होता. त्याची बहीण थळला दिलेली. वाड्यांमधून पायवाटेने निघालो. भात झोडून झालेले, कुठे वाल वर आलेला, कुठे पांढऱ्या कांद्याची लावणी चाललेली. या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे तुम्ही जाणताच.

किनाऱ्यावर आलो तो समोर दोन खडकाळ बेटे. अलीकडचे उंदेरी, पलीकडचे दीपगृहाचे खांदेरी. 1679 साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींकरवी खांदेरीवर तट घालायला घेतला. मुंबईकर इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले, पण काम थांबले नाही. पुढे 1680 मध्ये सिद्दीने उंदेरी धरली. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे.

गडी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, तो तट एवढी वर्षं लाटा खातोय. आमचा बांध एका उधाणात गेला."

खांड पडली होती. खेकड्यांच्या बिळांतून पाणी झिरपत होते, कोणी पाहिले नाही. पूर्वी घरटी एक माणूस बांधावर जाई. आता निम्म्यांनी जमिनी विकल्या, उरलेले मुंबईला. त्याच्याकडेही दलाल दोनदा येऊन गेला.

वाळूतच बसून बोललो. खारे पाणी शिरले म्हणून शेत मेले असे नाही. आधी खांड बुजवायची. उन्हाळ्यात जमीन उघडी ठेवू नये, क्षार वर चढतात, पेंढा पसरावा. पहिल्या पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडावे आणि ओहोटीला उघाडीतून सोडून द्यावे, असे दोन-चारदा. मग पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल-3 सारखे क्षार सोसणारे भात लावावे. पहिल्या वर्षी उतारा कमी येईल, हे मी त्याच्यापासून लपवले नाही.

परतीच्या गाडीत तो बोटांवर घरे मोजत होता. अकरा भरली. येत्या अष्टमीला भांगाचे पाणी, भरती कमी; तेव्हाच माती टाकायची म्हणतो. फावडे घेऊन मीही जाणार आहे.