नवा फोन? थोडं थांबूया



नवा फोन घेणं मी पुढे ढकललं आहे. कारण साधं आहे. ऑनलाइन पैसे भरताना खात्यातून 18,400 रुपये गेले आणि दुकानाच्या पानावर आलं, ‘पेमेंट झाले नाही’. ऑर्डर नाही आणि पैसेही नाहीत. मुलगा म्हणाला, “आई, पुन्हा भर गं, सेल रात्री बारापर्यंतच आहे.” मी म्हटलं, वाजू देत बारा.

पहिले पैसे कुठे अडकले ते कळल्याशिवाय दुसरे पाठवायचे नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. हे म्हणाले, “माझ्या कार्डावर हप्ते करून टाक.” पण ते बिनव्याजी हप्ते बहुतेक वेळा नावापुरतेच बिनव्याजी असतात. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी मागून बिलात येतोच. शिवाय हे माझे भिशीचे पैसे होते. ते परत येईपर्यंत दुसरं कर्ज कशाला?

आणखी एक गोष्ट खटकते. बाईच्या हातून पेमेंट अडकलं की घरात पहिलं वाक्य येतं, “काय दाबलंस?” अहो, सर्व्हर बंद पडला तर त्याला मी काय करणार!

म्हणून नियम आपल्याला माहीत हवेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये ठरवून दिलं आहे, की यूपीआयने दुकानदाराला भरलेले पैसे खात्यातून गेले आणि त्याच्याकडे पोचल्याची खात्री मिळाली नाही, तर ते 5 दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर रोज 100 रुपये भरपाई, आणि तीही आपण न मागता. अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की तक्रारीची सोय दिसते. तिथला 12 अंकी क्रमांक वहीत लिहून ठेवा. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

गूगलवर शोधून सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरावर मात्र चुकूनही फोन करू नका. पैसे परत मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कोणी मागितला की समजा, चोर आहे. फसवणूक झालीच तर लगेच 1930.

या थांबलेल्या दिवसांत मी एक पाहिलं. जुन्या फोनची फक्त बॅटरी दमली होती. बाकी बोलणं, फोटो, स्वाध्यायाचे व्हिडिओ, सगळं चालू. आपल्या परिग्रह-परिमाणात वस्तू घेऊच नका असं नाही, मर्यादा आपण ठरवायची असते. इथे ती सेलवाले ठरवत होते, तेही घड्याळ लावून! जिचा फोन खरंच बंद पडला आहे, किंवा जिचं कामच त्यावर चालतं, तिने जरूर घ्यावा. तिला हे लागू नाही.

माझे पैसे चौथ्या दिवशी परत आले. मुलाने विचारलं, “आता?” नवी बॅटरी 900 रुपयांत बसवून घेतली आहे. दिवाळीनंतर बघू, आणि तेव्हा गावातल्या दुकानात, फोन हातात घेऊन.