खिशातल्या घड्याळाला उजाळा देण्यापूर्वी

१/ वसईच्या १७३९ मधील विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडून वज्रेश्वरीचे मंदिर उभारले, असे परंपरा सांगते. त्या काळी वेळ घटिकांत मोजली जाई. बुडाला छिद्र असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, सरत.

२/ याच ठाणे परिसरात १८५३ साली आगगाडी आली आणि मिनिटाला मोल आले. पण मिनिट कोणाचे? रेल्वे पुढे मद्रास वेळेवर चालू लागली. ती मुंबईच्या वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे होती. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आली, ती ३९ मिनिटे पुढे. तरीही मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत तग धरून होती.

३/ साखळीचे घड्याळ या ओढाताणीचे साक्षीदार आहे. त्याची साक्ष झाकणाच्या आत असते. दुरुस्तीनंतर अनेक घड्याळजी तिथे टोकदार हत्याराने खूण वा तारीख कोरत. वडिलांची खूण मुलगा ओळखे. पिढीजात धंद्याची ती वहीच.

४/ म्हणूनच झाकण घासून चकचकीत करणे आणि तबकडी नव्याने रंगवणे, ही दुरुस्ती नव्हे, पुरावा पुसणे आहे.

५/ बंद घड्याळ जपून काय उपयोग, असा आक्षेप येईल. यंत्र साफ करून तेल जरूर द्यावे. घड्याळजींचे कामच ते. मात्र आधी झाकणाच्या आतल्या खुणांचे छायाचित्र घ्यावे आणि त्या वाचू शकणाऱ्या वृद्ध कारागिराला विचारावे. घड्याळ पुन्हा चालू करता येते. पुसलेली खूण परत येत नाही.