सरासरीने व्होल्ट शुद्ध होत नाही

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासायला बसलं की एक उत्तर हमखास कानावर येतं: ‘सर, रीडिंग हलत होतं, म्हणून शंभरांची सरासरी घेतली.’ आकडा पडद्यावर शांत बसतो, परीक्षक खूश. माझं भांडण त्या शांतपणाशीच आहे.

सगळ्यांचा लाडका एलएम३५ घ्या. दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देणारा साधा सेन्सर. ३० अंशांना ३०० मिलिव्होल्ट. आर्डुइनो ते मोजतो स्वतःच्या ५ व्होल्टशी ताडून. पण हे ५ व्होल्ट आले लॅपटॉपच्या यूएसबीतून. मोटर फिरू लागली आणि ते ४.७ वर उतरले, की सेन्सर बिचारा ३०० च देत असतो, पडद्यावर मात्र ३२ अंश उमटतात. शंभर रीडिंग घ्या, हजार घ्या, सरासरी ३२च. मोजपट्टीच आखडली, तिथे सरासरी काय करणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! आर्डुइनोच्या ऊनो बोर्डावरच्या चिपमध्ये १.१ व्होल्टचा स्वतंत्र संदर्भ असतो. तो निवडायला प्रोग्रामची एक ओळ पुरते. चिपगणिक तो थोडा मागेपुढे असतो, म्हणून एकदा चांगल्या मीटरने मोजून घ्यायचा. वर फायदा असा की मोजमापाची पायरी ४.९ मिलिव्होल्टवरून १.१ च्या आसपास येते.

ग्राउंडचं दुखणं याहून छुपं. ब्रेडबोर्डवर मोटरचा परतीचा प्रवाह आणि सेन्सरचा ग्राउंड एकाच बारीक वायरवर घातलेले असतात. प्रवाह अर्धा अँपिअर, वायर आणि तिचे सैल सांधे मिळून ०.१ ओहम. झाले ५० मिलिव्होल्ट, म्हणजे पाच अंशांची चूक. सेन्सरला वेगळी ग्राउंड वायर देऊन दोन्ही एकाच ठिकाणी जोडल्या की काम भागतं. खर्च एका वायरचा.

सरासरी अगदीच कुचकामी नाही. स्वैर गोंगाटावर ती चालते, पण हात आखडून: शंभर रीडिंगांना गोंगाट दहाव्या हिश्शावर. घरच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मात्र वेगळी. तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, आणि लागोपाठ घेतलेली दहा रीडिंग साधारण एका मिलिसेकंदात उरकतात. तीच रीडिंग पूर्ण २० मिलिसेकंदांवर सारख्या अंतराने पसरली, की गुणगुण आपोआप वजा होते.

परीक्षक मित्रांनो, कोड नंतर वाचा. आधी मोटर बंद करायला सांगा, मग चालू. आकडा एकाच बाजूला सरकून तिथेच बसला, तर वायरिंग दाखवायला सांगा.