मानसशास्त्राची उजळणी पुस्तक मिटून करा

मानसशास्त्रात स्मृती आणि विस्मरण शिकायचे, आणि परीक्षा जवळ आली की व्याख्या नुसत्या पुन्हापुन्हा वाचायच्या, ही विसंगती पेण-रोह्याच्या विद्यार्थ्यांनी तरी मोडावी. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातला सुमारे ४२ टक्के भाग आठवला. एकदा वाचून मग न बघता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे होते. फसगत होते ती इथेच. ताजे वाचलेले आपल्याला येतेच, असे वाटते.

परीक्षेत पुस्तकातलीच व्याख्या लागते, हा आक्षेप खरा आहे. पण तीही आठवूनच लिहायची असते, आणि नुसत्या शब्दांना उदाहरणांचा आधार लागतो. पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणाऱ्या कारागिराला ती हातोटी शब्दांत सांगता येईलच असे नाही; ही प्रक्रियात्मक स्मृती. रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत जेवणाच्या सुट्टीच्या नुसत्या भोंग्याने कुणाच्या तोंडाला पाणी सुटले, तर ते अभिजात अभिसंधान. अशी उदाहरणे स्वतः शोधून, पुस्तक मिटून लिहावीत आणि चार दिवसांनी पुन्हा लिहून पाहावीत. एवढा वेळ कुठे आहे, असे विचारले जाईल. त्या प्रयोगात दोन्ही गटांना वेळ सारखाच दिला होता.